अवघड जागेचे दुखणे आणि संवेदक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते मंडळाचे जुने सभासद असून कारखान्याच्या मापनयंत्र विभागातून निवृत्त झाले आहेत.)



ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर आणि मराठी भाषेच्या भवितव्यावर विद्वानांची व्याख्याने झाली, त्याच व्यासपीठावरून मी आज लघवीवरील ताबा सुटणे ह्या विषयावर बोलणार आहे. हा विषय मी कार्यवाहांना कळवला तेव्हा दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला काही क्षण शांतता पसरली. नंतर त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "निमंत्रणपत्रिकेवर काय छापावयाचे?" शेवटी आम्ही उभयतांनी मिळून 'वृद्धांची शुश्रूषा आणि आधुनिक तंत्रविज्ञान' असे एक सोवळे नाव शोधून काढले. त्या नावामुळे आपण आलात, ह्याबद्दल आभार मानतो आणि झालेल्या फसवणुकीबद्दल क्षमा मागतो.

आपल्याकडे म्हण आहे, 'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य'. म्हणीतल्या सासूबाईंच्या घरात वैद्य आहे, औषधही असेल, परंतु सांगावयाचे कसे हीच अडचण आहे. मी वैद्य नाही. उभा जन्म मी कारखान्यात टाकीतील पातळी, नळातील दाब आणि भट्टीतील उष्णता मोजण्यात घालवला. पण ह्या दुखण्यात मोजमापाचा उपयोग होतो, हे मला माझ्या घरात शिकावे लागले आणि तेही उशिरा. म्हणून बोलतो.

माझी आई ह्या मंडळाच्या पहिल्या पिढीतली. चैत्रातले हळदीकुंकू आणि गणेशोत्सवातले उकडीचे मोदक तिच्यावाचून होत नसत, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती मंडळात येईनाशी झाली. कोणी विचारले की सांगे, "गुडघे धरलेत हो." गुडघे धरले होतेच, त्यामुळे आम्हाला शंका आली नाही. पुढे माझ्या पत्नीला गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, कोणाला दिसू नयेत अशा बेताने वाळत घातलेले परकर दिसले. आई ते रात्री सर्व निजल्यावर धूत असे आणि तसल्या गुडघ्यांनी जिना चढून वर नेत असे. लघवी होऊ नये म्हणून तिने पाणी पिणेच जवळजवळ सोडले होते. त्या उन्हाळ्यात तिला थंडी वाजून ताप भरला, बोलण्यात असंबद्धता आली आणि रुग्णालयात न्यावे लागले. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी सांगितले की पाणी तोडल्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाची जळजळ वाढते, मलावरोध होतो आणि ज्या दुखण्याच्या भीतीने पाणी तोडले तेच बळावते. वर्षभर एका घरात राहून आम्हाला जे कळले नाही, ते एका परक्या माणसाने दहा मिनिटांत विचारून घेतले.

ह्या दुखण्याचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. खोकताना, शिंकताना, जड वस्तू उचलताना थोडी लघवी सुटणे हा एक प्रकार आहे. बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत तो पुष्कळ आढळतो, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने त्यात सुधारणा होऊ शकते. अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगल ह्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेले हे व्यायाम आजही सर्वत्र शिकविले जातात. दुसरा प्रकार अनावर घाईचा. वेग आला की न्हाणीघर गाठेपर्यंत धीर निघत नाही. तिसऱ्यात मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि भरलेल्या हंड्यातून सांडावे तसे थेंब थेंब सांडत राहते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने असे होऊ शकते. चौथ्यात मूत्राशयाचा दोषच नसतो. गुडघे उठू देत नाहीत, न्हाणीघर लांब असते, रात्री दिवा सापडत नाही, किंवा थरथरत्या बोटांनी नाडीची गाठ सुटत नाही. अशा माणसाला संवेदकाआधी नाडीऐवजी इलॅस्टिक हवे असते. मधुमेह, पक्षाघात, कंपवात आणि काही औषधे ह्यांनीही ताबा सुटू शकतो. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची, यंत्राची नव्हे. 'वय झाले, चालायचेच' हे वाक्य घरातल्यांनी उच्चारण्यापूर्वी डॉक्टरांना उच्चारू द्यावे. बहुधा ते उच्चारणार नाहीत.

आता संवेदकाकडे वळतो. आई रुग्णालयातून घरी आली ती अशक्त होऊन. सुमारे दोन महिने तिचा बहुतेक वेळ अंथरुणातच गेला. खाली मेणकापड, त्यावर दुपटे आणि रात्री डायपर अशी व्यवस्था होती. ओले झाले हे आई सांगत नसे. म्हणून माझी पत्नी रात्री दोन-दोन तासांनी उठून पांघरुणाखाली हात घालून पाही. कोरडे असले तर आईची झोप व्यर्थ मोडे, ओले असले तर किती वेळापासून ओले आहे हे कळत नसे. ओल्यात पडून राहणे ही केवळ गैरसोय नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि ती आम्लता तिचे कवच असते. लघवीतील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, आम्लता नाहीशी होते, भिजलेली त्वचा मऊ पडून सोलते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होण्याचा धोका वाढतो. आधुनिक डायपरमधील पांढरी भुकटी स्वतःच्या वजनाच्या अनेक पट द्रव शोषून त्याचा गोळा करते. ही सोय मोठी आहे. पण तिच्यामुळे वरून हात लावून ओले-कोरडे कळणे अधिकच अवघड झाले आहे. माणसाला उघडे न करता, न उठवता, आत काय आहे हे कळावे एवढीच शुश्रूषा करणाऱ्याची मागणी असते.

ही मागणी नवी नाही. १९०४ साली माइनहार्ट फॉन फाउंडलर ह्या बालरोगतज्ज्ञाने मुलांच्या खाटेवर एक विजेची घंटी बसविली. अंथरूण ओले होताच परिचारिकेला कळावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढे असे दिसले की घंटीच्या आवाजाने जागी होणारी काही मुले हळूहळू अंथरूण ओले करीनाशीच झाली. १९३८ साली अमेरिकेत मावरर दांपत्याने ह्याच तत्त्वावर मुलांसाठी उपचारपद्धती मांडली आणि तिचे सुधारलेले रूप अजून वापरात आहे. म्हणजे ह्या यंत्राचे मूळ काम शुश्रूषा करणाऱ्याला निरोप देणे हेच होते.

त्याचे तत्त्व शाळेत शिकलेलेच आहे. दोन धातूंच्या जाळ्या, मध्ये कोरडे कापड. कोरड्या कापडातून वीज वाहत नाही. लघवीत क्षार विरघळलेले असल्याने ती विजेची वाहक आहे. कापड भिजले की मंडल पूर्ण होते आणि घंटी वाजते. दुसरी पद्धत ह्याहून सोवळी. तिच्यात धातूला ओल लागावी लागत नाही. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये विद्युत्भार साठविण्याची क्षमता त्यांच्यालगत कोणता पदार्थ आहे ह्यावर ठरते, आणि पाण्याचा ह्या बाबतीतला प्रभाव हवेच्या सुमारे ८० पट आहे. त्यामुळे पट्ट्या प्लॅस्टिकच्या आवरणात बंद असल्या तरी जवळ ओल आल्याचे त्यांना कळते. तिसरी पद्धत आपण टोलनाक्यावर रोज पाहतो. मोटारीच्या काचेवरील फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरींवरच तो उत्तर देतो. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी अशीच एक चिठ्ठी डायपरमधील शोषक थराखाली बसविली. थर भिजून किंचित विद्युत्वाहक झाला की चिठ्ठी जागी होते आणि सुमारे एक मीटरपर्यंतच्या यंत्राला निरोप देते. तिचा खर्च दोन अमेरिकन सेंटांहून कमी येईल, असा त्यांचा अंदाज होता.

हे सर्व वाचून, किंवा त्यातले तेव्हा जे उपलब्ध होते ते वाचून, माझ्यातला मापनयंत्रवाला जागा झाला. तीन व्होल्टची बॅटरी, तांब्याच्या दोन जाळ्या आणि दारावरची एक जुनी घंटी घेऊन मी आईच्या चादरीखाली यंत्र बसविले. पहिल्या रात्री ते उत्तम चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी आईला भेटावयास मंडळातील तिच्या दोन मैत्रिणी आल्या. आई उशीला टेकून बसली होती, कित्येक दिवसांनी हसत होती. आणि घंटी वाजली. मैत्रिणींना वाटले दारावर कोणी आले. त्यांतल्या एक उठून दार उघडावयास गेल्या, दारात कोणी नाही, घंटी मात्र वाजतेच आहे. आईने भिंतीकडे तोंड फिरविले. त्या गेल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "अरे, आता दवंडीही पिटवलीस."

त्या वाक्याने मला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. यंत्र अचूक होते, परंतु निरोप चुकीच्या पत्त्यावर गेला होता. तो एकाच माणसाला, मुकाट्याने, जो उठून काही करू शकेल अशालाच मिळावयास हवा होता. घंटी काढून मी स्वयंपाकघरात एक लहानसा दिवा बसविला आणि आईला तो दाखवून तिची परवानगी घेतली. ती आधीच घ्यावयास हवी होती.

दुसरी चूक मला नंतर कळली, आणि ती अधिक गंभीर होती. धातू उघडा ठेवून ओल्या त्वचेशेजारी वीज खेळविणे धोक्याचे आहे. जुन्या घंटीच्या यंत्रांनी त्वचेवर व्रण उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आईला अपाय झाला नाही हे आमचे नशीब. म्हणून येथे बसलेल्या सर्व निवृत्त इंजिनिअरांना माझी हात जोडून विनंती आहे की माझे अनुकरण करू नये.

परंतु ह्या उद्योगातून एक गोष्ट हाती आली. सवयीने मी दिवा लागल्याच्या वेळा एका वहीत लिहून ठेवीत असे. तीन आठवड्यांनी वही पाहिली तेव्हा दिसले की दिवसा वेळा बऱ्याच नियमित आहेत आणि रात्री अकरा ते दोन ह्या वेळात मात्र दिवा दोनदा, कधी तीनदा लागतो. वही डॉक्टरांना दाखविली. त्यांनी विचारले, "रक्तदाबाची लघवी वाढविणारी गोळी केव्हा देता?" आम्ही ती जेवणानंतर, रात्री देत होतो. त्यांनी ती सकाळी द्यावयास सांगितली. दिवसा चहानंतर तासाभराने आणि पुढे अडीच-तीन तासांनी माझी पत्नी आईला म्हणू लागली, "आई, चला, जरा जाऊन येऊ." लघवी होण्याआधी. दोन महिन्यांनी दिवसाचे डायपर बंद झाले. रात्रीचे राहिले. ताबा पूर्णपणे परत आला, असे मी सांगणार नाही.

कारखान्यात टाकी भरून वाहू लागली की भोंगा वाजे. असा भोंगा वाजला तर आमच्या विभागाची नाचक्की होई, कारण आमचे काम पातळी आधीच सांगण्याचे होते. ओल ओळखणारा संवेदक हा वाहून गेल्यानंतरचा भोंगा आहे. त्याचा खरा उपयोग वेळा समजून घेण्यासाठी, आणि मग शक्य तितका तो न वाजू देण्यासाठी करावयाचा. वैद्यकशास्त्रात तीन दिवस लघवीची नोंदवही ठेवावयास सांगतात ती ह्याचसाठी, आणि तिला एक पैसाही खर्च येत नाही.

पातळी मोजणारे साधनही आता निघाले आहे. प्रौढ मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. भरत असता ते फुगते. सोनोग्राफीच्या तत्त्वावर चालणारा लहानसा संवेदक ओटीपोटावर लावला तर ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून ते कितपत भरले ह्याचा अंदाज येतो आणि ठरावीक पातळीला सूचना मिळते. जपानमधील 'डीफ्री' हे असेच साधन. नावातच डायपरपासून मुक्तीचा आशय आहे. त्याच्या संस्थापकाने ही कल्पना सुचण्याचे कारण स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे: अमेरिकेत शिकत असताना भर रस्त्यात त्याच्यावरच ताबा सुटण्याचा प्रसंग ओढवला होता. जपानमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेसाठी २००० सालापासून सक्तीचा सार्वजनिक विमा आहे, आणि एप्रिल २०२२ पासून लघवीची पूर्वसूचना देणारी अशी साधने त्या विम्यातून खरेदी करता येतात. २०२४ साली तेथील एका मोठ्या कागद-उद्योगाने देशातील बाळांच्या डायपरचे उत्पादन थांबवून प्रौढांच्या डायपरवर भर देण्याचे जाहीर केले. ज्या समाजात वार्धक्य इतके वाढले, त्याने ह्या विषयावर बोलावयास लाजणे सोडले आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती.

ही साधने कोणासाठी निरुपयोगी आहेत, हेही सांगितले पाहिजे. घामालाच ओल समजून खोटी सूचना देणारे संवेदक असतात. आणि पाच वेळा खोटी हाक ऐकलेला माणूस सहाव्या खऱ्या हाकेला उठत नाही. पोटावरचा संवेदक जागेवरून सरकला तर अंदाज चुकतो. शिवाय उठणारा माणूसच नसेल तर सूचना कोणासाठी? आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. गावी असते तर जाऊबाई, नणंद, शेजारची काकू कोणीतरी हात दिला असता. येथे दोघे म्हातारे, मुलगा पुण्याला नाहीतर परदेशात. तो प्रेमापोटी नवे साधन पाठवितो, त्याची सूचना त्याच्या मोबाईलवर जाते, आणि तो हजारो कोसांवरून फोन करून विचारतो, "आई, बदललंस का?" त्या माउलीला काय वाटत असेल ह्याचा विचार करावा. ही माहिती त्या व्यक्तीची आहे. ती कोणी पाहावी हे तिनेच ठरवावे, आणि साधन विकणाऱ्या कंपनीकडे तिचे काय होते हेही घेणाऱ्याने विचारावे.

आता शेवटचे. सुवर्णमहोत्सवी मंडळाकडे मागणे मागण्याचा मोह होतो, आणि माझी मागणी तीन गोष्टींची आहे. ह्या सभागृहाचे स्वच्छतागृह रंगमंचामागे अकरा पायऱ्या खाली आहे. मी आज मोजल्या. वर, सभागृहाच्याच पातळीवर, दाराशेजारी एक कमोड, धरावयास भिंतीत कडी आणि सतत जळणारा दिवा असलेली खोली बांधावी. दुसरे, तीन-तीन तास चालणाऱ्या कार्यक्रमांत दीड तासाने मध्यांतर ठेवावे आणि ते आधी जाहीर करावे. म्हणजे घरून निघण्याचा धीर होईल. तिसरे, मंडळाच्या ग्रंथालयात एक कपाट शुश्रूषेच्या साधनांचे असावे. कमोडची खुर्ची, चाकांची खुर्ची, विश्वासार्ह बनावटीचा एखादा संवेदक अशा वस्तू पुस्तकांप्रमाणे नेता-आणता याव्यात, आणि ज्यांनी घरी ही सेवा केली आहे अशा दोन बायका आणि दोन पुरुष ह्यांची नावे विचारणाऱ्याला खाजगीत मिळावीत. आज सुचविलेल्या गोष्टींत सर्वांत उपयोगी संवेदक हाच ठरेल, असे मला वाटते: ज्याला विचारता येईल असा माणूस.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आई मंडळात आली. दाराजवळच्या खुर्चीवर बसली. आरतीच्या आधी पाऊण तास माझी पत्नी तिला शेजारच्या एका सभासदांच्या घरी नेऊन आणीत असे. त्यांनी कधी काही विचारले नाही आणि घराची किल्ली आमच्याकडेच देऊन ठेवली होती. पुढली चार वर्षे हा क्रम चालला. मोदक तिने पुन्हा केले नाहीत, पण दुसऱ्यांच्या मोदकांना कळ्या किती पाडल्या हे मोजून नावे ठेवण्याइतकी ती बरी झाली होती.

आज ह्या सभागृहात पुढल्या रांगांतील काही जुन्या सभासदांच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. आम्हाला सांगतात की त्यांचे गुडघे दुखतात. कदाचित खरोखरच दुखत असतील. तरी एकदा घरी जाऊन, कोणी नसताना, हलक्या आवाजात विचारून पाहावे.